मराठी पुस्तकाच्या मांडणीसाठी नवं सॉफ्टवेअर: ठेवायचं की काढायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नारायण पेठेत आमची अक्षरजुळणी आणि पुस्तकमांडणीची छोटी कार्यशाळा आहे. तीन संगणक, चार माणसं. पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, कधी एखादा पीएचडीचा प्रबंध. गेल्या बावीस वर्षांत आम्ही बरीच सॉफ्टवेअर आणली, काही ठेवली, काही काढली. बाकीचे डीटीपीवाले आणि छोटे प्रकाशक फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिते आहे.

जुनं व्यवस्थित चालतंय. मग नव्याच्या भानगडीत पडायचंच कशाला?

पडू नका, हे पहिलं उत्तर. जुनं आहे एवढ्यावरून कुठलंही सॉफ्टवेअर वाईट ठरत नाही. पानं लावायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर १९८५ साली आलं, पुढे अडोबी कंपनीकडे गेलं, त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची. त्यानंतर किती वर्षं मराठी पुस्तकं त्यावर लागली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर लावलेली सुंदर पुस्तकं आजही माझ्या कपाटात आहेत.

मात्र तीन गोष्टींपैकी एक जरी होत असेल तर शोध सुरू करा. पहिली, लेखकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, येतोय आणि तुम्ही तो उलटा जुन्या फॉन्टमध्ये फिरवून घेताय. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे तिथे दुसरा इलाजच नसतो आणि प्रत्येक फिरवण्यात चुका शिरतात. दुसरी, प्रकाशक ई-पुस्तकाची फाइल मागतो आणि तुम्हाला पुस्तक पुन्हा टाइप करावं लागतं. तिसरी, ज्या संगणकावर हे सगळं चालतं तो बंद पडला तर दुसऱ्यावर ते चढेल याची तुम्हाला खात्री नाही. यातलं काहीच नसेल तर आहे त्यावर निवांत काम करा.

चाचणी कुठल्या कामावर घ्यावी? नवं पुस्तक आलंय, त्यावरच करून पाहू का?

नको. हातातल्या कामाला तारीख असते. तारीख जवळ आली की माणूस सॉफ्टवेअर तपासत नाही, कसंबसं काम रेटतो, आणि मग जो राग येतो तो सॉफ्टवेअरचा आहे की तारखेचा हे कळत नाही.

छापून झालेलं जुनं पुस्तक घ्या. त्यातला एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून लावा. जुन्या कामाला किती वेळ लागला होता, कुठे अडलं होतं, हे तुम्हाला माहीत असतं. छापलेली प्रत समोर ठेवून ओळीला ओळ लावून बघता येते. फर्मा मात्र सरळ कथेचा निवडू नका, कथा कशातही लागते. एखादी कविता, तळटीपा, एक कोष्टक, मधेच इंग्रजी नावं आणि एखादा संस्कृत श्लोक असलेली पानं निवडा. आम्ही एका समीक्षेच्या पुस्तकाचा चौथा फर्मा कायमचा चाचणीचा फर्मा ठरवून टाकलाय. त्यात एका पानावर सात तळटीपा आहेत.

मराठीसाठी नेमकं काय तपासायचं?

इथे घाई करू नका. जाहिरातीत ‘सर्व भारतीय भाषा चालतात’ असं लिहिलेलं असतं, पण अक्षरं दिसणं आणि मराठी चालणं यांत फार अंतर आहे.

आम्ही एक चिठ्ठी भिंतीवर लावली आहे. तिच्यावरचे शब्द आधी टाइप करायचे: दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना, ऱ्हस्व, हृदय, वाङ्मय, उद्ध्वस्त, तज्ज्ञ, महत्त्व, कर्तृत्व, राष्ट्र, सर्वांनी, शृंगार, ॲड्रेस, ऑफिस, बाळाला, लक्ष्मी.

प्रत्येक शब्द कशासाठी तरी आहे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि दोघांतला फरक फक्त र कसा लिहिला एवढाच. हा पापणीसारखा अर्धा र मराठीला पदोपदी लागतो, आणि हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये नेमका तोच तुटतो. ‘वाङ्मय’मधला ङ हा ड होऊन बसतो, आणि असा छापलेला शब्द आपण इतक्या वेळा पाहिलाय की डोळ्याला खटकेनासा झालाय. ‘सर्वांनी’त रफार आणि अनुस्वार एकाच डोक्यावर येतात, ते एकमेकांवर चढतात का ते दोनशे टक्के मोठं करून बघा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट दिसू शकते. काही जण मग ‘अ’वर चंद्र ठेवून वेळ मारून नेतात. दिसायला तेच दिसतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही.

ल आणि श यांचंही तसंच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा जो निर्णय काढला त्याप्रमाणे मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श. चांगल्या फॉन्टमध्ये ही मराठी रूपं आत दडलेली असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की ती बाहेर येतात, ‘हिंदी’ राहिली की येत नाहीत. सॉफ्टवेअर ही भाषेची निवड फॉन्टपर्यंत पोचवतं का, हे बघणं महत्त्वाचं. जे पोचवत नाही त्यात अख्खं पुस्तक हिंदी वळणाच्या अक्षरांत छापलं जातं. माझ्या मते मराठी पुस्तकासाठी तेवढं एक कारण नाही म्हणायला पुरेसं आहे.

मग पानाची पीडीएफ काढा, तिच्यातला एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा आणि वाचा. पहिल्या वेलांट्या जागा सोडून पळाल्या असतील, जोडाक्षरं फुटली असतील, तर तुमची पीडीएफ छापायला चालेल पण शोधायला, ई-पुस्तकाला किंवा अंध वाचकाच्या वाचनयंत्राला चालणार नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती केली नाही म्हणून नंतर दोन महिने गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

पहिल्याच पानावर वेलांट्या विस्कटल्या. म्हणजे सॉफ्टवेअर बादच ना?

थांबा. आधी सेटिंग बघा. इनडिझाइन या अडोबीच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी विस्कटलेलं दिसलं तर बहुतेक वेळा परिच्छेदाच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसतो. त्याच्या सीएस६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२पासून, भारतीय लिप्यांसाठी ती सोय आत आहे. ती निवडली की तेच पान क्षणात सरळ होतं. मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याचे नियमही तेव्हापासून आहेत, पण भाषा मराठी निवडली तरच ते लागतात.

स्क्रायबस या मांडणीच्या फुकट सॉफ्टवेअरबद्दल ‘त्यात मराठी येत नाही’ हे वाक्य अजून ऐकू येतं. जुन्या १.४ मालिकेबद्दल ते खरं होतं. २०२४च्या सुरुवातीला आलेल्या १.६मध्ये जोडाक्षरं नीट लागतात. आमच्याकडे एका संस्थेची स्मरणिका पूर्ण त्यात झाली. तेव्हा कुणी नाही म्हणालं तर ‘कुठली आवृत्ती?’ हा प्रश्न आधी विचारा.

आमची पद्धत अशी: एका अडचणीला एक तास. तासाभरात उपाय सापडला नाही तर ती अडचण वहीत लिहायची आणि पुढे जायचं. शेवटी वहीत तीनच अडचणी असतील आणि तिन्ही कोष्टकांच्या असतील, तर कोष्टकं तुमच्या कामात किती येतात हा एकच प्रश्न उरतो.

किती दिवस वापरून बघावं?

आम्ही तीन आठवडे देतो, आणि शेवटच्या दिवसाची तारीख चाचणी सुरू व्हायच्या आधी कॅलेंडरवर लिहितो. कंपनीची फुकट मुदत कुठे सात दिवसांची असते, कुठे महिन्याची. सात दिवसांचीच असेल तर आधी सगळी तयारी करून ठेवा: फर्मा, फॉन्ट, चित्रं, शब्दांची चिठ्ठी. मगच ते चढवा.

पहिल्या आठवड्याचं मत धरू नका. हात जुन्या शॉर्टकटवर जातात, सगळं हळू होतं, चिडचिड होते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वेळ मोजायला सुरुवात करा. मोजायचं काय, तर पान लावायला लागलेला वेळ नव्हे. दुसऱ्या प्रुफाची करेक्शन घालायला लागलेला वेळ. मांडणीचं खरं काम तिथे असतं. लेखक एक परिच्छेद वाढवतो, मग पुढची अकरा पानं सरकतात, तळटीप एका पानावर आणि तिचा आकडा दुसऱ्या पानावर जातो. हे सावरायला जुन्यात किती वेळ लागत होता आणि नव्यात किती लागतो, हे घड्याळ लावून लिहा. आमच्याकडे एकदा पान लावायला नवं सॉफ्टवेअर जलद ठरलं आणि करेक्शनला इतकं संथ की आम्ही ते काढलं.

आणि महिना निवडताना डोकं लावा. श्रावणापासून दिवाळी अंकांची झुंबड असते, त्या काळात काहीच बदलू नका. दिवाळी झाल्यावरचे तीन आठवडे आम्हाला बरे पडतात.

निर्णय मालकाने घ्यायचा की ऑपरेटरने?

ज्याचे हात त्यावर दिवसाचे आठ तास असणार त्याने. मालकाने पैशाचा हिशोब करावा आणि गप्प बसावं. हे मी मालक असून सांगते.

आमच्याकडच्या ताई मराठी टंकलेखनाच्या परीक्षा देऊन आलेल्या, टाइपरायटरवर शिकलेल्या. त्यांची बोटं रेमिंग्टन पद्धतीच्या कीबोर्डवर बसलेली. २०१६च्या सुमारास मी एक नवं सॉफ्टवेअर उत्साहाने आणलं. त्यात फक्त इनस्क्रिप्ट पद्धतीचा कीबोर्ड चालायचा. इनस्क्रिप्ट पद्धत उत्तम आहे, सरकारी प्रमाण आहे, नव्याने शिकणाऱ्याने तीच शिकावी. पण ताईंना बघायला मी शेजारी बसले तेव्हा काय दिसलं? त्या ‘कि’ लिहिताना आधी वेलांटीची कळ दाबत होत्या, कारण टाइपरायटरवर वेलांटी आधी उमटते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. प्रत्येक पहिल्या वेलांटीला त्या थांबायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. एका ओळीत चार वेळा. काही न बोलता. दुपारी त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि ‘होईल हळूहळू’ एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना आधी विचारायला हवं होतं. पुढे युनिकोडमध्येच रेमिंग्टन पद्धतीने लिहू देणारा कीबोर्ड आम्ही बसवला आणि प्रश्न सुटला. तेव्हापासून नियम असा, की चाचणीच्या शेवटी ताई ‘नको’ म्हणाल्या तर नको. त्यांनी आजवर दोनदा ‘नको’ म्हटलं आणि दोन्ही वेळा कारण असं निघालं जे मला दिसलंच नव्हतं.

पैशाचा हिशोब कसा मांडायचा?

तीन आकडे लिहा. पाच वर्षांत सॉफ्टवेअरला एकूण किती जातील, ते शिकण्यात किती कामाचे दिवस जातील, आणि जुन्या फाइली फिरवण्यात किती जातील. वर्गणीचं सॉफ्टवेअर महिन्याला स्वस्त वाटतं, पाच वर्षांची बेरीज केली की नीट दिसतं. फुकटच्या सॉफ्टवेअरचा पहिला आकडा शून्य असतो, दुसरा कधी कधी सगळ्यांत मोठा. अठरा टक्के जीएसटी धरायला विसरू नका. तुमची नोंदणी असेल आणि तुमच्या कामावर कर लागत असेल तर त्याचं काय करता येईल ते सीएंना विचारा.

एक आकडा मात्र मुद्दाम लिहू नका: आधीच भरलेले पैसे. ‘पंचवीस हजार भरलेत, आता वापरायलाच हवं’ असं म्हणून लोक वर्षानुवर्षं त्रास काढतात. ते पैसे ठेवलं तरी गेलेले, काढलं तरी गेलेले.

जुन्या फॉन्टमधल्या शेकडो फाइलींचं काय?

सगळ्या फिरवायला बसू नका. ज्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघणार आहे तेवढीच फिरवा. बाकीच्यांची मूळ फाइल, तिचे फॉन्ट आणि छापील पानांची पीडीएफ असं तिन्ही एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. पेजमेकरच्या ६ आणि ७ आवृत्तीच्या फाइली लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या ड्रॉमध्ये उघडतात, हे अनेकांना माहीत नसतं. मजकूर जुन्या फॉन्टच्या संकेतातच येतो, पण निदान हाती लागतो.

फिरवलेला मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे. आम्ही एका आजींच्या आठवणींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती केली. मूळ वाक्य होतं, ‘आचाऱ्यांना उशीर झाला म्हणून पंगत खोळंबली.’ फॉन्ट फिरवताना ‘आचार्यांना’ झालं. शुद्धलेखन तपासनीसाने काही दाखवलं नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. छापून आल्यावर आजींनीच फोन केला. रागावल्या नाहीत, पण ‘आमच्या लग्नात आचार्य कुणी नव्हते हो’ म्हणाल्या, आणि मला फार वाईट वाटलं. भिंतीवरच्या चिठ्ठीत तो शब्द तेव्हापासून आहे.

छापखाना काही हरकत घेईल का?

चाचणीचा फर्मा झाला की पीडीएफ तुमच्या नेहमीच्या छापखान्यात पाठवा आणि प्लेट काढणाऱ्याला दाखवा. मुख्य बघायचं ते काळं. पुस्तकातला मजकूर फक्त काळ्या रंगात यायला हवा. लिबरऑफिस रायटर किंवा इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची पीडीएफ पडद्याच्या रंगपद्धतीत निघते, आणि छापखान्यात ती फिरवताना काळं चार रंगांत वाटलं जाऊ शकतं. मग बारीक अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते. स्क्रायबस आणि इनडिझाइन यांत छपाईचे चार रंग मुळातच सांभाळलेले आहेत. रायटर प्रबंधासाठी छान आहे, पण पुस्तकाला वापरलं तर ही गोष्ट छापखान्याशी आधी बोलून घ्या.

सगळं पटलं, ठेवायचं ठरलं. आता शेवटचं काय बघू?

हे खरं म्हणजे पहिल्या दिवशी बघायचं: उद्या हे सॉफ्टवेअर नसलं तर माझं काम माझ्या हातात राहील का?

पूर्ण लावलेला फर्मा त्यातून बाहेर काढून दाखवा. साधा युनिकोड मजकूर, तळटीपांसकट. चित्रं वेगळी. आणि दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरला उघडता येईल अशी फाइल. इनडिझाइनची मूळ फाइल दुसऱ्यात उघडणं कठीण, पण आयडीएमएल या इनडिझाइनच्याच दुसऱ्या फाइल-प्रकारात जतन केली तर ती जुन्या आवृत्तीतही उघडते आणि स्क्रायबसही ती आत घेतं. मांडणी थोडी हलते, पण पुस्तक वाचतं. आम्ही प्रत्येक पुस्तक छापायला गेलं की त्याच दिवशी आयडीएमएल, मजकूर आणि पीडीएफ अशा तीन प्रती बाजूला ठेवतो.

याचं कारण आहे. एका इंटरनेटवर चालणाऱ्या मांडणीच्या सेवेवर आम्ही दोन वर्षं काम केलं. दिसायला देखणी, शिकायला सोपी, मराठीही बरं. मग सेवा बंद होत असल्याचं पत्र आलं. पीडीएफ उतरवून घेता आल्या, पुन्हा बदल करता येईल असं काहीच नाही. नऊ पुस्तकं. त्यातल्या तीन पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्या आम्ही पीडीएफवरून पुन्हा जुळवल्या, आणि त्याचे पैसे लेखकांकडून घेणं मला योग्य वाटलं नाही. सॉफ्टवेअर कितीही आवडलं तरी काम बाहेर निघत नसेल तर मी आता ते ठेवत नाही. यावर मी वाद घालत नाही.

क्रॅक केलेली प्रत घेऊन आधी बघितलं तर?

नका. कायद्याचं आहेच, शिवाय अशा प्रतीबरोबर काय आत येतं ते सांगता येत नाही, आणि तुमच्या संगणकावर दुसऱ्यांची अप्रकाशित पुस्तकं आहेत.

मुदत संपली, तरी मन ठरत नाही.

मग काढा. तीन आठवड्यांत ताई आपणहून ते उघडायला लागल्या असतील तर तुम्हाला प्रश्नच पडला नसता. काढताना अडचणींची वही मात्र फेकू नका. दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, तेव्हा तीच वही घेऊन अर्ध्या दिवसात पुन्हा तपासता येतं. स्क्रायबस आमच्याकडे असंच दुसऱ्या फेरीत आलं.

नवं ठेवलं, तर जुनं लगेच काढून टाकू?

एक दिवाळी हंगाम जाऊ द्या. जुना संगणक आहे तसा, त्याच्या डाँगलसकट (जुनं सॉफ्टवेअर चालायला संगणकाला लावायची ती छोटी किल्ली), कोपऱ्यात असू द्या आणि महिन्यातून एकदा चालू करा. आमचा अजून आहे. मागच्या महिन्यात एका लेखकाचा मुलगा वडिलांचं जुनं पुस्तक शोधत आला. फाइल त्या संगणकावर उघडली. त्याला फक्त अर्पणपत्रिका हवी होती, ती छापून दिली.